आत कोणी आहे का?

पानांचा ढीग उचलण्याआधी त्याला विचारावं लागतं. आमच्या रस्ते खात्यात नवा माणूस आला की त्याला पहिली गोष्ट हीच शिकवतात. पानगळ सुरू झाली की सगळं शहर आपापल्या अंगणातली पानं दाताळ्यानं ओढून रस्त्याच्या कडेला ढीग लावतं, आणि अशा ढिगात शिरून बसण्यासारखं सुख पोरांना दुसरं नाही. म्हणून ढीग आधी दाताळ्याच्या दांड्यानं हलकेच चाळवायचा आणि मोठ्यानं विचारायचं, "आत कोणी आहे का?" उत्तर आलं नाही, तरच सोंड लावायची. सोंड म्हणजे आमच्या ट्रकला लावलेला जाडजूड पाइप. तो पानं ओढून मागच्या टाकीत फेकतो. इतक्या वर्षांत माझ्या ढिगांतून एकदा मांजर निघालं, एकदा दारू पिऊन झोपलेले एक सद्गृहस्थ निघाले, आणि सडके भोपळे किती निघाले ते विचारू नका. पानं कशाला म्हणतात आणि कचरा कशाला, हे आमच्या विस्कॉन्सिनच्या लोकांना माझ्या हयातीत कळेल असं वाटत नाही.

ती नोव्हेंबरमधली शेवटची फेरी होती. ट्रकवर व्हर्न होता आणि सोंडेवर मी. व्हर्न आणि मी इतकी वर्षं एकत्र आहोत की त्याच्या बायकोपेक्षा त्याचं घोरणं मला जास्त माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता, म्हणून सकाळपासून त्याचा जीव बंदुकीत होता आणि हात स्टिअरिंगवर. दुपारपासून आभाळ खाली आलं होतं. संध्याकाळी पाऊस आणि मग त्याचं बर्फ, असं रेडिओवर सांगत होते.

शेवटचं घर इर्माबाईंचं. तळ्याकडे जाऊन संपणारी ती गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला त्यांचं पांढरं घर. इर्माबाई पंच्याऐंशीच्या पुढे गेलेल्या, एकट्या, आणि प्रत्येक वाक्याला 'हं' लावणाऱ्या. पाय पुसून या हं, आल्याची बिस्किटं घ्या हं, त्या व्हर्नला दोनच द्या हं. सगळ्या शहरात आम्हाला घरात बोलावणारी ती एकच बाई, त्यामुळे तिचं घर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवायचो.

त्या वर्षी मात्र बाई बिस्किटांच्या मूडमध्ये नव्हत्या. वसंतात त्यांच्या तळघरात गुडघाभर पाणी शिरलं होतं. मुलगा असतो ॲरिझोनात. त्यानं निक्षून सांगितलं होतं, की आणखी एकदा पाणी आलं तर घर विकायचं आणि आईला घेऊन जायचं. दुसऱ्याच दिवशी तो तळघर बघायला येणार होता. "तिथं झाडांना पानं नसतात हं, रोली," त्या मला म्हणाल्या होत्या. "काटे असतात. मी काय काट्यांकडे बघत मरू?"

आणि आता त्यांच्या दारासमोर, पाणी जायच्या जाळीवर नेमका, छातीएवढा ढीग. गंमत म्हणजे इर्माबाईंच्या अंगणात झाड नाही. होतं ते आमच्याच खात्यानं कीड लागली म्हणून तोडलं होतं. पाऊस सुरू झाला होता. पाणी जाळीशी येऊन अडत होतं आणि वळसा घेऊन त्यांच्या घराच्या उताराला लागत होतं. तासाभरात ते तळघरात पोहोचलं असतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

अंधारून आलं होतं. ओल्या पानांचा तो गोडसर, कुजका वास सुटला होता. मी दाताळं उलटं धरलं, ढीग चाळवला आणि सवयीनं विचारलं, "आत कोणी आहे का?"

"कोणी नाही," ढीग म्हणाला.

मी सोंड उचलली सुद्धा होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज लहान मुलाचा होता. मी दाताळं टाकून दोन्ही हातांनी ढीग उपसला. वर पानं, आत पानं, तळाला लोखंडी जाळी. बाजूला उभं राहून पाहतो तर ढीग पुन्हा होता तसा.

"बाळा," मी म्हणालो, "बाहेर ये. कोणी रागावणार नाही."

"सांगितलं ना… कोणी नाही."

व्हर्न खाली उतरला. त्यानंही विचारलं, त्यालाही तेच उत्तर मिळालं. तो जरा वेळ टोपी मागेपुढे करत राहिला. मग म्हणाला, "हे बघ, नियम काय आहे? विचारायचं. आपण विचारलं. कोणी नाही म्हणतोय. लाव सोंड."

मी म्हणालो, तूच लाव. तो म्हणाला, त्याचं काम ट्रक चालवणं, सोंड माझी. शेवटी आम्ही मुकादमाला फोन केला. गॉर्डी जेवणावर बसला होता.

"ढीग तपासला का?" त्यानं विचारलं.

"तपासला."

"मग? आत कोणी आहे?"

"कोणी नाही म्हणतो."

"कोण म्हणतो?"

"ढीग."

पलीकडे चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला. गॉर्डीनं मला शांतपणे विचारलं, की व्हर्ननं थर्मासमध्ये आज कॉफीच आणली आहे ना. मग फोन ठेवून दिला. वरिष्ठांचं मार्गदर्शन आमच्या खात्यात नेहमी असंच मिळतं.

तेवढ्यात छत्री घेऊन इर्माबाई आल्या. पाणी त्यांच्या पायरीला लागलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता. अजून का उचलत नाही, असं त्या काकुळतीनं विचारत होत्या. काय सांगणार? मी नुसता पुन्हा ढिगाकडे वळलो आणि विचारलं, आत कोणी आहे का. ढीग म्हणाला, कोणी नाही. त्यानंतर दाबलेलं हसू ऐकू आलं, नाकातून सुटलेलं.

इर्माबाईंनी छत्री खाली केली. पाऊस त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडत होता.

"थिओ आहे हं हा," त्या म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ. त्याला लपताच यायचं नाही. कोण आहे म्हणून विचारलं की कोणी नाही म्हणायचा."

त्या आठ वर्षांच्या असतानाची गोष्ट त्यांनी तिथंच, पावसात सांगितली. राज्य त्यांच्यावर होतं. थिओ इथंच, जाळीजवळच्या पानांत लपला होता. त्याचा बूट दिसत होता, पण त्याला बरं वाटावं म्हणून त्या सगळीकडे शोधायचं नाटक करत होत्या. मग आईनं जेवायला हाक मारली. उद्या पुढे खेळू, असं ठरलं. रात्री त्याला ताप भरला. पोलिओची साथ होती. दवाखान्यात नेला तो परत आला नाही. "राज्य माझ्यावरच राहिलं हं, रोली," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. माझ्याकडे भीती एवढी होती की तिघांना पुरली असती.

त्या ढिगापाशी गेल्या तसा व्हर्न मध्ये आला. एरवी हा माणूस अस्वलाला हटत नाही, पण बोलताना तो ढिगाकडे बघायचं टाळत होता. "इर्माबाई, जरा विचार करा… पहिला सापडतो, पुढचं राज्य त्याच्यावर येतं. मग लपायचं कोणी?"

इर्माबाईंनी घराकडे पाहिलं. पाणी दुसऱ्या पायरीवर होतं. "ॲरिझोनात तर नाही ना लपायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि हळूच म्हणाल्या, "सापडलास, थिओ."

ढीग एकदम बसला, आतली हवा निघून गेल्यासारखा. कुठेच काही आवाज नाही. मी विचारलं, आत कोणी आहे का. तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. मी सोंड लावली आणि बघता बघता जाळी मोकळी झाली. तुंबलेलं पाणी गुरगुरत खाली गेलं. इर्माबाई बराच वेळ जाळीकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी मला बिस्किटांचा डबा दिला, संपूर्ण डबा, आणि भराभरा घरात गेल्या. जाताना जराशा पळाल्या असंही मला वाटलं.

पानं टाकायला आम्ही शहराबाहेरच्या खताच्या मैदानाकडे निघालो. पावसाचं बर्फ होत होतं. व्हर्न पुन्हा हरणांवर आला होता आणि मी बिस्किटं खात होतो. पुलावर त्यानं एकाएकी रेडिओ बंद केला.

मागच्या टाकीत कोणीतरी मोजत होतं. सावकाश, चुकू नये म्हणून जपून.

"…साठ… सत्तर… ऐंशी…"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. नव्वदनंतर मोजणी जरा थांबली. मग तो आवाज खुशीत म्हणाला, "शंभर. येतोय हं मी."

टाकीचं दार बाहेरून कडी लावलेलं होतं. ते एकदा आपटलं आणि पुन्हा सगळं शांत झालं. व्हर्ननं पुलावरच ट्रक वळवला. त्या ट्रकला तिथं वळायला जागा नाही, तरी वळला.

इर्माबाईंचं घर अंधारात होतं. फक्त तळघराची जमिनीलगतची खिडकी उजळलेली होती. अंगणात पांढरा पातळ थर साचला होता आणि त्यावर छोट्या बुटांचे ठसे होते. प्रत्येक खिडकीशी थांबून, घराला पूर्ण चक्कर मारून ते मागच्या दारानं आत गेले होते. बाहेर येणारे ठसे नव्हते.

मी खिडकीशी गुडघे टेकले. काच वाफेनं धुरकटली होती. आतली फरशी कोरडी ठणठणीत दिसत होती, एवढंच मला कळलं. मी काचेवर टकटक केलं. त्या बाईसाठी माझा जीव अक्षरशः तुटत होता.

"इर्माबाई… आत आहात ना?"

आतून आधी कोणीतरी कोणाला तरी गप्प केलं. मग आवाज आला. इर्माबाईंचाच होता, पण आठ वर्षांच्या मुलीचा.

"इथं कोणी नाही हं."