साठ अंशांवरचं पातेलं

माहूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत तनुजाने मांडीवर मोठा थर्मास घट्ट धरला होता. मे महिना होता, आणि शेजारचा तरुण बराच वेळ त्या थर्मासकडे आशेने पाहत होता.

“चहा आहे का?” शेवटी त्याने विचारलंच.

“बॅक्टेरिया आहेत.”

हे ऐकून लोक सीट बदलतात, असा तिचा अनुभव. याचा मात्र चेहरा उजळला.

“मी पंचाक्षरी. लातूरला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो,” तो म्हणाला, आणि हदगावपर्यंत शिकवतच राहिला. पेशी, पेशीभित्तिका, मागच्या परीक्षेतले फसवे पर्याय. आपण याच विषयात पीएचडी करतोय हे सांगायला तनुजाला फटच सापडेना. पण बोलताना त्याचे डोळे असे काही चमकायचे... की तिने फट शोधणं सोडून दिलं.

हदगावला थर्मास त्याच्याकडे सोपवून ती केळी आणायला उतरली. परतली, तर थर्मासमधल्या नमुन्यांच्या तिन्ही बाटल्या रसवंतीवाल्याच्या बर्फात गाडलेल्या, आणि पंचाक्षरी शाबासकीची वाट पाहत उभा.

“आतलं पाणी कढत झालं होतं. नमुने थंडच ठेवायचे असतात.”

“ऊनकेश्वरच्या गरम कुंडातले आहेत ते,” तनुजा कशीबशी म्हणाली. “साठ अंशाला वाढतात. त्यांचा अख्खा जीनोम वाचायचाय मला. हैद्राबादच्या मशीनवर आत्ता कुठे नंबर लागलाय. हे मेले तर माझं वर्ष गेलं.”

“थर्मोफाइल? उष्णतेतच जगणारे?” त्याचा आवाज बसला. “एका मार्काला असतात ते. दरवर्षी शिकवून राहिलो... पाहिले आज.”

“आणि पाहताक्षणी गोठवले.”

तो बाटल्या घेऊन पळाला तो थेट समोरच्या धोंडाबाईच्या हॉटेलात. दुधाचं पातेलं रिकामं करून त्याने पाणी चढवलं, बाटल्या आत ठेवल्या. तनुजाने पर्समधला थर्मामीटर बुडवला. पारा उतरला की तो स्टोला पंप मारायचा. चढला की ती तांब्याने गार पाणी ओतायची. तेवढ्यात एसटी निघून गेली. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“लेकरू हाय का काय त्यात?” धोंडाबाई म्हणाली.

“हाव, मावशी. लई नाजूक हाय. गार सोसत न्हाई,” पंचाक्षरी म्हणाला.

हसायचं नाही म्हणता म्हणता तनुजाला हसू आलंच.

“पण हे वाचून काय मिळतं हो?” पंचाक्षरीने विचारलं. चहा विचारल्यानंतर तिचं काही जाणून घ्यायला केलेला हा त्याचा पहिलाच प्रश्न.

“कढत पाण्यातही काम न थांबवणारी एन्झाइम्स. कापड गिरणीला हवीत, साबणाला हवीत, साखर कारखान्यालाही. जीनोम वाचला की ती कोणत्या जनुकात दडलीत ते कळतं. मग साध्या बॅक्टेरियाकडून हवी तेवढी करून घ्यायची.”

वाफेने तिच्या कपाळावर केस चिकटले होते, आणि तो ऐकतच होता.

“तुम्हाला धग लागत नाही?”

“किल्लारीचा आहे मी. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात वाढलो.”

“म्हणजे तुम्हीही थर्मोफाइल.”

“मग... माझाही अभ्यास करा की.”

“आधी हे जगू देत,” ती म्हणाली. पण पातेल्याकडे बघत म्हणाली.

ते जगले. आठवड्याने तिने फोन करून तसं कळवलं, आणि मग दर रविवारी लातूर–नांदेड गाडीत क्लासचे एक सर दिसू लागले. ते सूक्ष्मदर्शकातून बघायला जात. काय बघायला, हे प्रयोगशाळेतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये भर तासात तिचा फोन आला. सरांनी तो घेतला, हे क्लासच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

“वाचला... अख्खा जीनोम वाचला. नवीच जात निघाली. नाव आपण द्यायचं.”

“काय देताय?” पंचाक्षरीने विचारलं.

“ऊनकेश्वरचं.”

“बरोबर आहे,” तो पडेल आवाजात म्हणाला.

“तुमचं मी माझ्या नावापुढे लावीन म्हणते... लांब आहे जरा, पण चालेल.”

फोन कॉलरच्या माईकला टेकला होता, त्यामुळे सगळं वर्गातल्या स्पीकरवर गेलं होतं; तीनशे मुलं पेनं वर धरून बसली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

“सर, हे लिहून घ्यायचं का?”

“हाव,” सर म्हणाले. “अंडरलाइन करा.”