तिसरा इंजेक्टर

"चोर आमच्याच घरात निघाला, बाई," शेठ म्हणाले आणि त्यांनी बॉनेटखाली बोट दाखवलं.

दोन नंबरच्या सिलिंडरवर डिझेल फवारणारा इंजेक्टर होता, पण काजळी धरलेला. काल तिथे नवा बसवल्याचं सांगून शेठनी सकाळी बाईंना गाडी दिली होती. पहिल्याच वळणावर गाडीने काळा धूर ओकला आणि बंद पडली.

बाईंनी तीस वर्षं तांत्रिक शाळेत इंजिनं शिकवली होती. गुडघे गेल्यामुळे आता गाडी दुरुस्तीला दुसऱ्याच्या हाती द्यावी लागे, आणि तो राग त्या सगळ्या गॅरेजवाल्यांवर काढत. निम्म्यांना पाना कुठून धरायचा तेही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. समोर उभा असलेला शेठचा मेहुणा त्या मताचा चालताबोलता पुरावा होता. इस्त्रीचा शर्ट, सेंटचा घमघमाट, हुद्दा मॅनेजरचा आणि अकलेच्या नावाने शंख.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," मेहुणा म्हणाला. "मुक्याने नवा विकला आणि जुनाच परत ठोकला. चौदा वर्षं पोसला, त्याने हे दिवे लावले."

मुका मेस्त्री भिंतीला टेकून उभा होता. बोलणं कमी, म्हणून मुका. त्याची हत्यारांची पेटी शेठनी ऑफिसात कोंडली होती. दुपारपर्यंत कबूल केलं नाही तर त्याला पोलिसांत द्यायचं ठरलं होतं. असा डाग लागलेल्या मेस्त्रीला मग कुठलंच गॅरेज उभं करत नाही.

बाईंनी त्याला शाळेत दोनदा नापास केलं होतं. पेपरात तो ओळभरही लिहीत नसे. हात मात्र कधी चुकला नव्हता.

"नवा तूच बसवलास?"

"हो."

"कोड भरलास?"

"भरला."

"माझा जुना कुठे आहे?"

मुक्याने फळीकडे बोट केलं. तिथे काढलेले भाग ओळीने मांडले होते. प्रत्येकाला तारेने चिठ्ठी बांधलेली: गाडीचा नंबर, सिलिंडर, तारीख. काढलेली वस्तू महिनाभर फेकायची नाही, ही त्याची सवय होती. बाईंचा इंजेक्टर चिठ्ठीसकट तिथेच होता.

"शेठ, माझा जुना इथे आहे. मग गाडीत बसलाय तो कुणाचा?"

शेठनी चिठ्ठी वाचून पाहिली. मेहुणा हसला. "भंगारातून उचलला असेल."

"तुम्ही कधी इंजेक्टर काढलाय?"

"मी? हात काळे करायला ही माणसं ठेवलीयत ना."

"काल गॅरेज कुणी बंद केलं?"

"मीच. सकाळी उघडलंही मीच. जबाबदारी असते, बाई."

"तुमची गाडीही याच मॉडेलची. परवा मी इथे गाडी सोडायला आले तेव्हा ती धूर सोडत होती."

"आता छान चालते. डिझेल बदललं."

"सुरू करा बघू."

धूर नव्हता, पण इंजिन टकटक करत होतं. भिंतीपाशी मुक्याने मान वर केली. बाईंनी शेठना गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर कपाटातून काढायला लावला. तो आधी स्वतःच्या गाडीला जोडला, मग मेहुण्याच्या. मग भिंग घेऊन, गुडघ्यांना शिव्या घालत, त्या दोन्ही इंजिनांवर वाकल्या.

"ऐका, शेठ. ढ मुलांना सांगायचे तसं सांगते. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड कोरलेला असतो. नवा बसवला की तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरायचा. नाही भरला तर गाडी चालते, पण टकटकते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मुक्याने काल भरलेला कोड आहे. त्या कोडचा इंजेक्टर बसलाय मॅनेजरसाहेबांच्या गाडीत. आणि माझ्या गाडीत जो कचरा बसलाय, त्याचा कोड यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. यांनी वस्तू बदलली. कोड म्हणून काही असतं, हे यांच्या गावीही नव्हतं. मुका चोर असता तर कोड बदलायला विसरला नसता. वर पुन्हा चोराच्या उलट्या बोंबा!"

मेहुण्याचा चेहरा पडला. "एका इंजेक्टरचा तर प्रश्न होता," तो पुटपुटला. "दाजी, ताईला सांगू नका."

शेठ घाम पुसत मुक्याकडे वळले. "झालं गेलं विसर. चल, कामाला लाग."

मुक्याने पेटी मागून घेतली. मेहुण्याच्या गाडीतून नवा इंजेक्टर काढला आणि त्याखालचा, एकदाच वापरायचा तांब्याचा वॉशर सगळ्यांपुढे धरला. "जुनाच घातलाय," तो म्हणाला. चोरीपेक्षा त्याला याचीच जास्त किळस आलेली दिसत होती. कोरा वॉशर घालून त्याने इंजेक्टर बाईंच्या गाडीत बसवला, कोड पुन्हा तपासला, किल्ली बाईंना दिली. मग हात पुसून पेटी उचलली.

"अरे, कुठे चाललास?"

"सकाळी म्हणालो होतो, स्कॅनर द्या, दाखवतो. तुम्ही कपाटाला कुलूप लावलंत." मुका दारातून वळला. "चौदा वर्षांत तेवढंच मागितलं होतं, शेठ."

बाईंनी किल्ली परत त्याच्याकडे टाकली. "पेटी मागे ठेव. गाडी तू चालव, माझे गुडघे दुखतायत."

गॅरेजात सहा गाड्यांची बॉनेटं उघडी होती, आणि पाना धरायला आता मेहुणा तेवढा उरला होता.