जास्तीची ओळ

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तपासणं हे तिचं काम. तीन महिने मान मोडून तिनं चारशे बारा टेस्ट लिहिल्या होत्या. सकाळी बटण दाबलं की कोपऱ्यातलं यंत्र आपणहून सर्व्हर चालू करी, खोटी खाती उघडी, एका खोट्या, बिननावाच्या प्रेषकाकडून सगळ्यांना मेल पाठवी, मजकूर जसाच्या तसा पोचला का ते पाही आणि शेवटी सगळं पुसून टाकी. मजकूर ठरलेला: ‘ही चाचणी आहे.’ त्या यंत्राला इंटरनेटची तार जोडलेलीच नव्हती.

मग एक नवी मुलगी कामाला आली. आठवड्याभरात साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “टेस्टचं काम हिनं काय सुरेख लावलंय!”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लावलं कुणी? हिनं फक्त आपल्या नावाचं एक खातं त्यात घातलं होतं.

सोमवारी नेमकी त्याच खात्याची टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. ताईला मनातून गुदगुल्या झाल्या. नवीची चूक पकडायला तिनं ते मेल उघडलं.

‘ही चाचणी आहे. आज तू हसलीस.’

ताईनं कोडची ओळ न् ओळ तपासली. ते वाक्य कुठंच नव्हतं. मंगळवारी आलं, ‘ही चाचणी आहे. खोकला बरा झाला का?’ खिडकीजवळ नवी खरंच खोकत होती.

साहेबांना सांगायला हवं होतं. त्याऐवजी ताईनं टेस्ट थोडी सैल केली, जास्तीची ओळ चालेल अशी. टेस्ट हिरवी झाली, पास. आता ती मेलं एकटी तीच वाचत होती. इथल्या सात वर्षांत ताईच्या खोकल्याची कुणी चौकशी केली नव्हती. आणि हा प्रेषक तर तिनंच बनवलेला!

गुरुवारी तिनं स्वतःच्या नावाचं खातं घातलं. श्वास रोखून मेल उघडलं.

‘ही चाचणी आहे.’

बस, एवढंच. टेस्ट हिरवी.

ताईनं नवीचं खातं काढून टाकलं आणि बटण दाबलं.

सगळ्याच्या सगळ्या टेस्ट लाल. प्रत्येक मेलात एकच वाक्य: ‘ती कुठे आहे?’

तिनं पुन्हा बटण दाबलं. या वेळी एकही मेल आलं नाही. पडद्यावर फक्त, ‘प्रेषकाचं खातं सापडत नाही.’

“ताई, माझं खातं तुम्ही काढलंत का हो?” नवीनं विचारलं.

“चुकून गं.”

तेवढ्यात फोन वाजला. खालचा वॉचमन होता.

“ताई, एक गृहस्थ आलेत. तुम्हाला ओळखतो म्हणतात.”

ताईचा हात नकळत केसांकडे गेला. “मला भेटायला?”

“नाही, नव्या मॅडमना. नाव विचारलं तर म्हणतात, ताईंनी ठेवलंच नाही.”

नाही म्हणता आलं असतं.

“तिसरा मजला,” ताई म्हणाली. “खिडकीजवळचं टेबल.”

लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. ताईला कुणीच दिसलं नाही.

नवीनं मान वर केली. लाजली.

“अय्या, तुम्ही? बसा ना.”

समोरच्या रिकाम्या खुर्चीची गादी हळूच दबली.