डॉक्टरांच्या जीपचा चौथा शाफ्ट

डॉक्टरांचे तिने आधी पाय पाहिले, चेहरा नंतर.

डोंगराच्या दुसऱ्या वळणावर एक म्हातारी जीप रस्ता अडवून उभी होती आणि तिच्या खालून चिखलाने माखलेले दोन बूट बाहेर आले होते. मागच्या सीटवर पायाला पट्टी बांधलेली एक शेळी मालकिणीच्या थाटात बसली होती. वर रिमझिम चालू होती. तिने आपली गाडी थांबवली आणि बुटांना विचारलं, "काय झालं?"

"काहीतरी तुटलंय," बूट म्हणाले.

"काय तुटलंय?"

"ते कळलं असतं तर... इथे चिखलात लोळलो असतो का, बाई?"

तो वैताग असा सुरू झाला. बुटांचा मालक वरच्या वस्त्यांवरचा गुरांचा डॉक्टर निघाला, आणि ती निघाली पायथ्याच्या गॅरेजची मालकीण. सगळा गाव तिला मिस्त्रीणबाई म्हणायचा. तुटला होता मागच्या ॲक्सलचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. तो तुटणारच होता. ओढ्यातल्या दगडांवर पोट घासू नये म्हणून डॉक्टरांनी त्या जुन्या जीपला भलेमोठे टायर चढवले होते.

"टायर हत्तीचे आणि पाय शेळीचे!" ती म्हणाली. "एकतर जाड ॲक्सल बसवा, नाहीतर हे टायर उतरवा. काय ते ठरवा."

"ठरवतो," तो हसून म्हणाला. नाकावर ग्रीस, केसांत पाणी... ती गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग स्वतःवरच चिडून दोरखंड काढायला गेली.

या गोष्टीला आठ महिने झाले, आणि डॉक्टर अजून ठरवतच होते.

दर पंधरा दिवसांनी स्वारी हजर. कधी ब्रेक बघा, कधी नुसतं "आवाज येतोय." आवाज कुठला, तर ओळखता येत नाही. मग चहा, मग तोच विषय. जाड ॲक्सल बसवले तर जीप जड होईल ना? होईल. मग त्याचा भार गिअरबॉक्सवर येईल ना? येईल. मग नको बसवायला? नका बसवू. पण मग ओढ्यात...? ती कपाळाला हात लावायची. भर दुपारी ती हातातलं काम सोडून याच्यासाठी कागदावर चाकं काढत बसायची, आणि तो कागदाऐवजी तिच्याकडे बघत मान डोलवायचा.

"आत्या, या माणसाचं घोंगडं किती दिवस भिजत ठेवू मी?"

आत्या काउंटरवर नटबोल्ट निवडत बसायची. भावाच्या माघारी गॅरेज आणि भाची दोन्ही तिनेच सांभाळली होती. "घोडं कुठे पेंड खातंय ते मला दिसतंय बाई," ती म्हणायची. "तुम्हा दोघांना दिसेल तेव्हा दिसेल."

गॅरेजचा एक शिरस्ता होता. तुटलेला भाग फेकायचा नाही. त्यावर पंच ठोकून नंबर घालायचा, खडूने कारण लिहायचं आणि भिंतीशी उभा करायचा. तीच खोड पुन्हा करून आलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायला बरं पडतं. डॉक्टरांचे तीन शाफ्ट झाले होते. पहिल्यावर लिहिलं होतं, 'घाई'. दुसऱ्यावर, 'घाई'. तिसऱ्यावर, 'घाई, शिवाय हट्ट'. तो तिसरा त्याने मागून नेला. दवाखान्याच्या दाराला अडसर हवा होता म्हणे.

शेवटी तिनेच निरोप धाडला, काय ते आज ठरवा म्हणून. भंगारात निघालेल्या एका ट्रकचे जाड ॲक्सल आले होते, जीपला चालतील असे. भंगारवाल्याने ते संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचा शब्द दिला होता. नंतर ते खाणीवाले उचलणार होते.

डॉक्टर आले ते पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट घेऊन.

"पुन्हा तुटला," तो खाली बघत म्हणाला.

"चौथा?" तिने पोतं ओढून काढलं, दांडा उजेडात धरला, आणि तिचा हात थांबला. तुटलेल्या टोकावर गंज चढला होता. कडेला पंचचा नंबर होता, तिच्याच हाताचा. खडू तेवढा पुसलेला.

"डॉक्टर, हा तिसरा आहे."

"...हो?"

"हा तुमच्या दाराचा अडसर आहे! बाहेर तुमची जीप चारही चाकांवर धडधाकट उभी आहे. आठ महिने मी घसा कोरडा करतेय, आणि तुम्ही खोटे शाफ्ट घेऊन येताय? मला दुसरी कामं नाहीत?"

काउंटरवर नटबोल्टांचा आवाज थांबला.

त्याने खिशातून एक फॉर्म काढला. कान लाल झाले होते. "माझी इथली तीन वर्षं संपतायत. मुदत वाढवून हवी की नको, ते आज कळवायचंय. शहरात मित्राने दवाखान्यात बोलावलंय. रिकाम्या हाताने येऊन तुमच्यासमोर बोलायचं धाडस होईना... म्हणून हा आणला." मग एका दमात म्हणाला, "मला तुम्ही आवडता. तुम्ही सांगा, ॲक्सल बसवू का? तुम्ही बसवा म्हणालात तर मी राहीन."

सोपं होतं की! जाड ॲक्सल घातलेली जीप घेऊन कोण शहरात जाईल? एकच शब्द... 'बसवा' म्हटलं की झालं. तो शब्द अगदी ओठांवर आला.

पण ती मिस्त्रीणबाई होती. खोटं काम तिने कुणाच्याच गाडीला केलं नव्हतं.

"नका बसवू," ती म्हणाली. "इथे राहिलात तरी नको, भार गिअरबॉक्सवर येईल. मूळ मापाचे टायर लावा, ओढ्यात गाडी घालण्याआधी उतरून पाणी बघा, आणि चाक अडकलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. आहेत तेच ॲक्सल दहा वर्षं पुरतील. आणि राहायचं की जायचं, ते लोखंडावर ढकलू नका, डॉक्टर. माझ्यावरही नको. ते तुमचं तुम्ही ठरवा. एकदा तरी!"

"आणि तुम्ही? मी... आवडतो का?"

"आवडता! त्याचाच तर वैताग आलाय!"

आत्याने घाईघाईने खोकल्याचं नाटक केलं.

डॉक्टरांनी तिच्या खिशातलं पेन विचारल्याशिवाय उपसलं, फॉर्म जीपच्या बॉनेटवर पसरला आणि 'हवी'समोर अशी जोरात खूण केली की कागदच फाटला.

"चालेल ना हा?"

"खूण दिसतेय, चालेल," ती म्हणाली. तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले होते. तिने काउंटरवरचा फोन उचलला, भंगारवाल्याला ॲक्सल खाणीवाल्यांना देऊन टाकायला सांगितलं आणि जॅक ओढत जीपपाशी आली.

"चार टायर बदलायला किती वेळ लागतो?" त्याने बाह्या वर करत विचारलं.

"एक तास."

"आणि मी मदत केली तर?"

तिने पहिला नट सैल करून त्याच्या तळहातावर ठेवला आणि हात तिथेच राहू दिला.

"मग अख्खा दिवस जाईल," ती म्हणाली.