रडणारी तबकडी

"चोरी झाली हाय बन्सीधरराव, आन् चोर घरातलाच हाय!"

उंबऱ्यातूनच चन्नबसम्मा असं म्हणाल्या आणि माणिकराव मास्तरांचा चहा बशीत सांडला. बन्सीधर मात्र जागचे हलले नाहीत. निजाम सरकारच्या रेल्वे पोलिसातली नोकरी सोडल्यापासून पूर्णा गावातल्या लोकांच्या भानगडी निस्तरून देणं हाच त्यांचा धंदा होता. मास्तर शाळेत शिकवत, आणि शाळा सुटली की बन्सीधरांच्या मागे फिरत.

"काय गेलं, अक्का?"

"तबकडी! ग्रामोफोनची. माज्या पोराची."

हकीकत गावाला माहीत होती. चन्नबसम्मा आणि कल्याणरावांचा एकुलता एक मुलगा शिवरुद्र बापाची धान्याची गादी सोडून व्हायोलिन शिकायला मुंबईला पळाला होता. तेव्हापासून बापानं त्याचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. आता तो पंधरा जणांच्या एका छोट्या वाद्यवृंदात वाजवत होता. त्यांनी विलायती शास्त्रीय संगीताच्या तीन तबकड्या काढल्या होत्या, आणि तिसरीत शिवरुद्र होता.

"आज सांजच्या गाडीनं पोरगं येणार हाय," चन्नबसम्मा म्हणाल्या. "त्याच्या आधी ह्यांना ती ऐकवणार हुते. तेवढ्यानं तरी मन पाघळलं असतं. दारातूनच हाकललं, तर पोरगं पुन्ना ह्या घराची पायरी चढायचं न्हाई."

"तबकडी ठेवली होती कुठं?"

"काल वाजवली, ती तशीच यंत्रावर हुती. दुपारी मी मठात गेले. येऊन बघते तर जागेवर न्हाई. बाकीच्या दोन कपाटात जशाच्या तशा!"

मास्तरांनी घाईत टोपी उलटीच घातली आणि दोघं निघाले.

कल्याणरावांच्या घरात पुढं दुकान, मागं अंगण, मधल्या खोलीत ग्रामोफोन. खोलीला दोनच वाटा, एक दुकानातून, दुसरी अंगणातून. कपाटातल्या दोन्ही तबकड्यांवर एकाच रंगाची इंग्रजी चिठ्ठी होती.

कल्याणरावांचा पुतण्या वीरुपाक्ष पुढं झाला. "ह्यात शोधायचं काय? मोलकरणीनं विकली असंल. ठाण्यातल्या अमीनसाहेबांच्या हवाली करा तिला. हे यंत्र हैदराबादेहून मी आणलं, चालवायला मीच शिकवलं. किंमत मला म्हाईत हाय."

"दुपारी तू कुठं होतास?"

"माडीवर. झोपलो हुतो."

मास्तर बन्सीधरांच्या कानाला लागले. "हाच! शिवरुद्र परतला तर याच्या हातचं दुकान जाईल. इंग्रजी वाचता येतं, म्हणून नेमकी तिसरी उचलली."

बन्सीधर हसून अंगणाकडे वळले.

मोलकरीण म्हाळसाबाई अंगणात डोळे पुसत उभी होती. "खंडोबाची आण, म्या न्हाई घेतली! भांडी घासायलते. आत गाणं लागलं. म्हटलं, अक्का आल्या. पर आज गाणं लय रडलं. रडत रडत आवाज बसला आन् मेलाच."

"रोज असंच रडतं?"

"न्हाई जी! रोज निसतं उड्या मारतंय."

"यंत्राला तू हात लावतेस?"

"चावी मीच देते की. अक्कांचा हात दुखतो."

कल्याणराव गादीवर बसून गहू निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मी हितंच हुतो. त्या पोराच्या वाजवण्याशी माजा संबंध न्हाई. आन् असल्या घडीत बिघडणाऱ्या वस्तू घरात आणाव्याच कशाला?"

बन्सीधर परत मधल्या खोलीत आले आणि ग्रामोफोनची चावी फिरवू लागले. फिरवता फिरवता त्यांचा हात भरून आला, तरी चावी ताठ होईना.

"मास्तर, सगळ्यांना बोलवा! गाडी यायच्या आत हे उरकायचंय."

सगळे जमले. कल्याणराव दाराशीच टेकले.

"वीरुपाक्षला इंग्रजी येतं," बन्सीधर म्हणाले, "बाकीच्यांना चिठ्ठ्या सारख्याच दिसतात. मग तिसरीच कशी गेली? कारण सोपं आहे. ती यंत्रावर होती. कुणीतरी ती वाजवली, आणि वाजवली तीच नेली."

"पण वाजवून चोरी कोण करतं?" मास्तर म्हणाले.

"हेच तर! चावी संपत आली की तबकडी मंदावते आणि सूर खाली घसरतो. म्हाळसाबाईला ते रडणं वाटलं. चावी पार उतरलेली मी आत्ता पाहिली. म्हणजे वाजवणाऱ्याला चावी द्यायची असते हेच ठाऊक नव्हतं. वीरुपाक्षनं तर यंत्र चालवायला शिकवलं. म्हाळसाबाई रोज चावी देते. अक्कांचं यंत्र रोजचंच. अंगणात म्हाळसाबाई होती," ते कल्याणरावांकडे वळले, "दुकानात तुम्ही. तुमची दोघांची नजर चुकवून कुणी आत जाऊ शकत नव्हतं. मग या घरात यंत्राला कधीच हात न लावलेलं माणूस कोण, अप्पा?"

बन्सीधर एक पाऊल दाराकडे सरकले.

"आणि सगळे म्हणाले चोरी झाली. 'बिघडणारी' असं एकटे तुम्ही म्हणालात."

कल्याणराव उठले. दुकानातल्या पेटीतून त्यांनी रेशमी उपरण्यात गुंडाळलेली तबकडी आणली.

"रोज भिंतीआडून ऐकत हुतो. आज म्हटलं, जवळून ऐकावं. पोरगं वाजवायला लागलं आन् मधीच त्याचा गळा बसला. वाटलं, माज्या हातानं मेलं! कुणाला सांगणार? मुंबईला धाडून दुरुस्त करून आणणार हुतो." मग ते वळले. "म्हाळसाबाई, तुज्यावर बालंट आलं आन् मी गप बसलो. चुकलं माजं."

म्हाळसाबाईनं पदर खोचला आणि चांगली घट्ट चावी दिली. चन्नबसम्मांनी सुई टेकवली.

आणि काय सांगावं! पंधरा वाद्यं एकदम उसळली. मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी अंगावर काटा आला.

"अवो, ह्यातला आपला..." चन्नबसम्मा म्हणू लागल्या.

"थांब. सांगू नगं." कल्याणरावांनी डोळे मिटून बोट वर केलं. सूर पुन्हा उसळले, तशी त्यांची मान हलली. "ह्यो! सगळ्यांच्या जरा आधी उठायलाय बघ. पंगतीतबी असाच उठायचा. लय घाई!"

मग त्यांनी पायात वहाणा सरकवल्या. "वीरू, दुकान बंद कर. मी स्टेशनावर जायलोय."

"अवो, गाडीला अजून लय टाइम हाय!" चन्नबसम्मा ओरडल्या.

पण कल्याणराव रस्त्याला लागलेसुद्धा होते.