लोकल आयडी चालत नाही

"मॅडम, समुद्राकडची रूम द्या. अगदी पुढची."

हर्षद माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यात विशेष काही नाही. आमच्या रिसॉर्टवर येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरून काउंटरवर येतो. समुद्राकडच्या खोल्यांच्या बरोबर खाली आमचं स्टेज आहे. डीजे, तंबोला, नवरा-बायकोचे खेळ... डिसेंबरात तर नुसता धुडगूस. पण हे गेस्टला सांगायचं नसतं. पुढच्या खोल्या आधी भरायच्या, अशी आमच्या मॅनेजरची, रितेश सरांची, सक्त ताकीद होती.

मी मात्र त्याला सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. प्रेमबिम काही नव्हतं हो तेव्हा... त्याचे डोळे लाल झालेले, दाढी वाढलेली आणि पाठीवर एवढी मोठी बॅग. दया आली, एवढंच.

"झोपायला आलात की नाचायला?" मी हळूच विचारलं.

"झोपायला. नऊ महिने बोटीच्या इंजिनाशेजारी काढलेत."

"मग मागच्या रांगेत जा. काजूच्या झाडांत आहेत खोल्या. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो."

"ऐकू आला तरी पुरे. बघून बघून कंटाळलोय मी त्याला." आणि तो हसला. दाढीतून एकदम लहान पोरासारखा चेहरा बाहेर आला.

मग त्याने आधार कार्ड पुढे केलं आणि माझी पंचाईत झाली. पत्ता लांज्याचा. आमच्याकडे नियम आहे — लोकल आयडी चालत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातला पत्ता असला की रूम नाही. नियम खरा जोडप्यांसाठी. पण मागे एकदा इथल्याच दोन-चार जणांनी दारू पिऊन दंगा केला, तेव्हापासून सरांनी सगळ्यांनाच लावला.

"सर, तुमचं घर तासाभरावर आहे. इथं कशाला पैसे घालवता?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "घरी सांगितलंय, अठ्ठावीसला येतो. आज सतरा. घरी पाऊल टाकलं की दुसऱ्या दिवसापासून कांदेपोहे सुरू. आईने मुलींची यादी करून ठेवलीय. मला अकरा दिवस हवेत, मॅडम. फक्त अकरा."

मी शांतपणे नाही म्हणायला हवं होतं. दोन वर्षं इमानाने काम करत होते, जानेवारीत सुपरवायझर करणार होते मला. त्याऐवजी मी काय विचारलं?

"पासपोर्ट आहे?"

पासपोर्टवर डोंबिवलीच्या मामाचा पत्ता होता. तो मी नोंदवला.

तर अशी सुरुवात झाली. पुढे मी त्याला आमच्या रिसॉर्टवर राहायचं कसं, ते रोज एक-एक करून शिकवलं. नाश्त्याला आठच्या आत यायचं, नंतर बसभर ग्रुप उतरतो आणि घावने संपतात. पोहायच्या तलावात दुपारनंतर जायचं नाही, आत पाणी कमी आणि सनस्क्रीन जास्त. मासा मागवण्याआधी वेटरला नाही, आचाऱ्याला विचारायचं. ओल्या पायांनी खोलीत शिरायचं नाही, वाळू गादीपर्यंत जाते. आणि ओहोटी लागली की पाण्यात उतरायचं नाही, मग कितीही पोहता येत असो.

"मला सांगतेस? मी बोटीवर असतो."

"बोटीवर असतोस. पाण्यात नाही."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कळलंच नाही. तो मुद्दाम रोज नवीन शंका घेऊन यायचा. "मॅडम, टॉवेल कुठे वाळत घालायचा?" "मॅडम, स्टेजवर ओढून नेलं तर काय करायचं?" मी म्हणायचे, "पाय मुरगळलाय सांग." तर पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी खरंच लंगडत लॉबीतून गेला... आणि माझ्यासमोर आल्यावर डोळा मारून नीट चालायला लागला. मला हसू आवरेना. समोर कोल्हापूरचे एक आजोबा चेक-इन करत होते, तेही हसले बिचारे.

माझी ड्युटी साडेपाचला सुटायची. पालीला, माझ्या घरी जाणाऱ्या एसटीला मध्ये पाऊण तास. तो पाऊण तास आम्ही खडकांवर बसायचो. खारा वारा, केस तोंडावर. तो एकदा म्हणाला, "मृणाली, तुझे केस माझ्या तोंडात येतायत." मी म्हटलं, "मग सरक." तो सरकला... पण माझ्याकडे.

आठव्या दिवशी तो म्हणाला, "यादी रद्द. अठ्ठावीसला घरी गेलो की आईला तुझं नाव सांगतो."

ऐकून मला आनंदच झाला. पण मी कोकणातली आहे, आनंद झाला की आधी खुंटा हलवून बघते.

"चारचौघांत सांगशील?"

"म्हणजे?"

"हर्षद, मी रोज काउंटरवर काय बघते माहितीये? मुलगा येतो, कार्ड देतो, सही करतो. आणि मुलगी लांब खांबाआड उभी असते, आमच्याकडे पाठ करून. आपल्याला कुणी बघू नये म्हणून. मला तिची दया येते आणि रागही येतो. मला तसं नाही उभं राहायचं. जे असेल ते तोंडावर, नाव घेऊन. जमणार नसेल तर आत्ता सांग, माझी एसटी यायचीय."

त्याने माझा हात घट्ट धरला. "नाव घेऊन सांगेन. शपथ."

मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

सव्वीस तारखेला दुपारी लॉनवर एक साखरपुडा होता. हर्षद काउंटरला टेकून मला काहीतरी सांगत होता, रितेश सर बाजूच्या कॉम्प्युटरवर. तेवढ्यात साखरपुड्यातले एक गृहस्थ माइकवाल्याला शोधत आत आले आणि जागच्या जागी थांबले.

"हर्षा? तू बोटीवर होतास ना रे?"

ते त्याचे सख्खे काका, महिपतकाका. हर्षदचा चेहरा पांढराफटक पडला.

"लांज्याहून मी इथं येतो आणि तू आधीच इथं? आवशीला तुझ्या ठाऊक आहे?"

रितेश सरांनी मान वर केली. "लांजा? इथं एंट्री डोंबिवलीची दिसतेय. मृणाली, हे लोकल आहेत?"

मी तोंड उघडणार, त्याआधी हर्षद बोलला. "सर, मी आधारच दिलं होतं. या मॅडमच म्हणाल्या, पासपोर्ट द्या."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तेच तर जास्त लागलं.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि ही कोण?"

मला अजून वाटत होतं... आता. आता नाव घेईल.

"कोण नाही काका. रिसेप्शनवरची आहे."

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. सर फार ओरडले नाहीत, "नियम मोडलास, आता मी काय करू?" एवढंच म्हणाले. त्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही, चूक माझीच होती. मी बॅग घेऊन बाहेर आले तेव्हा हर्षद काकांच्या गाडीत बसत होता. तो वळला नाही. मी बघत होते.

मग मेसेज सुरू झाले. सॉरी. घाबरलो गं. ऐक तरी. मी एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटचा आला, "थोडा धीर धर. सगळं नीट करतो." तो मात्र मी दिवसातून दहादा वाचायचे. वेडी बाई.

जानेवारीत पालीला आमच्याकडे स्थळ आलं. लांज्याचा मुलगा, बोटीवर इंजिनियर. मी फोटो बघितला. तोच! म्हणजे सांगितलं याने घरी... माझं नाव घेतलं! सगळा राग कुठल्या कुठे पळाला. आईला कळेना, कालपर्यंत तोंड पाडून बसलेली पोरगी आज साडीला इस्त्री काय करते, गुणगुणते काय.

रविवारी ते आले. तो, त्याची आई आणि मध्यस्थ. आमची ओसरी भरून गेली. त्याची आई चांगली होती. हाताला धरून मला शेजारी बसवलं, "दमलीस का गो?" विचारलं. आई-बाबा मुलाकडे बघून इतके खूश, की मला त्यांच्याकडे बघवेना. मग नेहमीचं वाक्य आलं, "मुलामुलीला काही बोलायचं असेल तर बोलून घ्या."

आम्ही मागच्या अंगणात गेलो. मी लाजले होते, खरंच सांगते.

"सांगितलंस शेवटी आईला," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?" तो हळू आवाजात, अगदी खुशीत म्हणाला. "आईला काहीच माहीत नाही. मी मध्यस्थाला गाठलं, स्थळ त्याच्याकडूनच आणलं. काकांनाही मुद्दाम आणलं नाही. तू फक्त आज पहिल्यांदाच बघतेयस असं दाखव. कायम तेच सांगायचं. काम झालं बघ आपलं!"

मी त्याच्याकडे बघत राहिले. चेहरा तोच, हसूही तेच. त्याला खरंच वाटत होतं, आपण हिला जिंकून आणलंय.

"मी सुपरवायझर होणार होते, हर्षद," मी म्हटलं. "तुझ्या अकरा दिवसांसाठी ते गेलं. ते मी सोडून दिलं. पण आपण भेटलोच नव्हतो, असं जन्मभर म्हणायचं?"

"लग्न होतंय ना! मग बाकीचं कशाला हवंय?"

मी ओसरीवर परत आले. सगळे आमच्याकडे बघत होते. मी त्याच्या आईसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आम्ही आधीपासून ओळखतो एकमेकांना. हर्षद, सांग ना."

त्याच्या आईने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं विचारलं, "होय रे?"

किती सोपं होतं! ती बाई कदाचित हसलीही असती. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, बोल, बोल रे, एवढं एकदाच बोल, मागचं सगळं सोडलं मी.

"नाही गं आई... हॉटेलात होती म्हणे, तिथं कधी बघितलं असेल."

माझ्या आईने हातातला कपांचा ट्रे खाली ठेवला. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मध्यस्थाने घाईघाईने खाकरून घेतलं आणि तो म्हणाला, "बरं, तर मग मुलाकडून होकार धरायचा. मुलीचं काय?"

तो समोर बसला होता, कपाळावर घाम, हातात रिकामी बशी. उठून पदराने तो घाम पुसावा, असं अजूनही वाटत होतं मला.

"मला मुलगा पसंत नाही," मी म्हटलं.

इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले.