सुकीचा अंगठा

खोटंच सांगायचं असतं तर नवसूने गोष्टीत दुसरी कुठली बाई घेतली असती. स्वतःची मेलेली बायको घेतली नसती.

हे घडलंय. दोन हजार नऊचा ऑक्टोबर, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. जव्हार तालुक्यात, दाभोशाच्या पुढचा एक पाडा. रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

पाड्यावर मोबाइल एकच. पक्षाचं काम बघणाऱ्या उमेशने दिलेला. रेंज फक्त टेकाडावरच्या खडकावर. मागच्या निवडणुकीला तिथे नवसूची बायको सुकी बसली होती. उमेश फोनवर सांगायचा आणि ती खाली हाक द्यायची, "माघ्याच्या घरचे निघा रे! वरून दुसरं बटण!"

लावणीच्या दिवसांत तिला ताप आला. चार दिवसांत गेली.

आता खडकावर नवसू बसला होता.

एक वाजता फोन वाजला.

"नवसू, सगळे आले. सुकीचं राहिलंय."

"उमेशभाऊ, ती मेली ना."

"यादीत जिवंत हाय. तिची मतदानाची चिठ्ठी दे आणि कमळाला पाठव. बोटाच्या शाईचं मी बघतो."

सुकीला दवाखान्यात उमेशच्याच जीपने नेलं होतं. नवसूला नाही म्हणायला तोंड नव्हतं. खाली घरी जाऊन त्याने चिठ्ठी काढली आणि थोरल्या भावाच्या बायकोच्या, कमळाच्या हातात दिली.

कमळा हसली. "भाऊजी, आजच्या दिवस मी तुमची बायको बरं का!"

नवसू हसला नाही. परत खडकावर येऊन बसला.

कमळा उतरणीला दिसेनाशी झाली...

आणि फोन वाजला.

पलीकडे कुणी बोलेना. नुसती धाप. कुणी चढ चढून आल्यासारखी...

मग बांगड्या वाजल्या.

मग सुकीचा आवाज.

"मी जाऊन आले. माझ्या नावाने दुसरी का पाठवलीस?"

फोन बंद झाला.

नवसूने फोन खडकावर ठेवला. बऱ्याच वेळाने कमळा धावत आली. पदराचं भान नाही.

"बूथवरचा सायब म्हणे, सुकी आत्ताच मत देऊन गेली, तुझ्या पुढेच होती. माझ्या पुढं कुणीच नव्हतं, भाऊजी! वही दाखवली मला. अंगठा हाय... मधून तिरपी चीर."

नाचणी कापताना सुकीच्या डाव्या अंगठ्यात विळा घुसला होता. त्यावर पाला वाटून कमळानेच बांधला होता.

नवसू घरी आला.

मत देऊन आली की सुकी अंगठ्याची शाई दाराजवळच्या कुडाच्या भिंतीला पुसायची. दर मतदानाचा एक जांभळा डाग. तीन होते.

आता चार होते.

त्याने बोट लावलं...

ओला होता.

फोन त्याने संध्याकाळीच परत केला. तो कूड मात्र पुन्हा कधी सारवला नाही. अजूनही घरात शिरताना तो उंबऱ्यावर थांबतो. हळूच म्हणतो, "उमेशने पाठवलं होतं गं. मी नाही."

पण चिठ्ठी त्यानेच दिली होती.

हे त्याला माहीत आहे... आणि तिलाही.